एक पावसाळा काढलेली बास

बास गिटार चांगली की वाईट, हे पेण-रोह्यात जूनच्या आधी ठरत नाही. मुंबईत धोबीतलावच्या दुकानातून आणलेली, हातात छान बसणारी गिटार गौरी-गणपतीपर्यंत तशीच राहील याची खात्री नसते. रायगडात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओल म्हणजे काय, हे पेणच्या मूर्तिकाराला कुणी शिकवायला नको; बास बाळगणाऱ्यालाही ते लवकरच कळतं. म्हणून इथे कुणी गिटारीची तारीफ करू लागला की मी आधी विचारतो, किती पावसाळे झाले?

असं विचारण्यामागे कारण आहे. ३४ इंची बासच्या चार तारा मिळून नेकला सुमारे ७५ किलोंच्या ताणाने ओढत असतात, रात्रंदिवस. हा ताण सोसायला नेकच्या आत लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं आणि सळईचा नि तारांचा जुळवलेला तोल बिघडतो. एखादी नेक पुढे झुकते, मग तारा उंच होतात आणि दाबताना बोटं दुखतात. एखादी मागे जाते, मग तारा फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, खरखरतात. जानेवारीत हवा कोरडी झाली की बोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं तळहाताला टोचू लागतात. जुने वादक पाना घेऊन पाव आटा फिरवतात, एक दिवस थांबतात, पुन्हा बघतात. घाईने अख्खा आटा फिरवला की सळईचे आटे जाऊ शकतात, आणि मग ती गिटार दुरुस्तीच्या पलीकडे जाऊ शकते. स्वस्त गिटारीबद्दल इथल्या मालकांचं मत बरं-वाईट होतं ते बहुतेक या सळईवरून. आवाजाचा विषय नंतर येतो.

हे वाद्य तसं तरुणच. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. त्याआधी खालचे सूर माणसाएवढ्या उंच डबल बासवर वाजत. त्यावर फ्रेट नव्हते, त्यामुळे सूर कानाने शोधावा लागे. फेंडरनी फ्रेट बसवले, बोट ठेवलं की सूर नेमका. आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणातही आधी डबल बास होती, पुढे बास गिटार आली. राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम यांच्या ताफ्यात टोनी वाझ ती वाजवत. पंचमची गाणी नीट ऐकली तर कळतं, ठेका तबल्या-ड्रमइतकाच त्या चार तारांवरही उभा आहे. हे श्रेय सामान्य श्रोत्यापर्यंत कधी पोचलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आपल्या भागात बासला जागा मिळवावी लागते. हळदीत बेंजो, ढोल-ताशे नि ऑक्टोपॅड असतात. सत्यनारायणाच्या पूजेला किंवा नवरात्रात ऑर्केस्ट्रा असला, तर की-बोर्डवाला डाव्या हाताने बास धरतो. मग सुपारीचे पैसे आणखी एका माणसात कशाला वाटायचे? हा प्रश्न पोटाचा आहे, त्याला दोष देता येत नाही. पण डावा हात सूर देतो, तारेवरून बोट घसरताना येणारी ओढ देत नाही. ज्यांनी एकदा खऱ्या बासबरोबर गायलंय, ते गायकच पुढच्या वेळी बासवाल्याला बोलवायला सांगतात.

आता आवाज. सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. मंडपातल्या साध्या स्पीकरला तेवढं खालचं काही झेपत नाही. गंमत अशी की कान ते भरून काढतो. त्याच सुराची ८२, १२३ अशी वरची कंपनं ऐकून मेंदू मूळ सूर मनाशी जुळवतो. नवा मालक बासची कळ पूर्ण उजवीकडे फिरवतो आणि स्पीकर नुसता घुमवतो. अनुभवी माणूस साउंडवाल्याला मधले आवाज वाढवायला सांगतो. घरी खोलीत जाड, गोड लागणारी गिटार मैदानात हरवते. घरी जरा नाकात बोलणारी गिटार मात्र मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.

मतभेदाचा मोठा मुद्दा बॅटरीचा. यामाहाच्या टीआरबीएक्स १७४ला बॅटरी लागत नाही. जॅक लावा, वाजवा. आयबानेझच्या जीएसआर २००मध्ये खालचे आवाज फुगवणारं सर्किट आहे, त्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते. दुसरीचे मालक तिच्या जोरदार आवाजावर खूश असतात. पण अशा गिटारीत जॅक आत गेला की सर्किट सुरू होतं. जॅक रात्रभर तसाच राहिला तर बॅटरी उतरते आणि ऐन हळदीत आवाज फाटू लागतो. खेड्यातल्या कार्यक्रमासाठी माझा कौल बिनबॅटरीवालीला.

आणि अर्थिंग. याबद्दल कुणी कितीही हसलं तरी मी बोलणार. बासच्या तारा वायरीतून ॲम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. मंडपात अर्थिंग नसेल किंवा दोन ठिकाणची वीज वेगळी असेल, तर तारा धरलेल्या माणसाचे ओठ माइकला लागताच झटका बसू शकतो. तो जीवघेणाही ठरू शकतो. गिटार आणि मिक्सर एकाच अर्थ असलेल्या बोर्डावर घ्या, आणि गाण्याआधी टेस्टरने माइक तपासा. तारांना हात लावल्यावर घूं आवाज कमी होतो म्हणून ते चालवून घेऊ नका. ती वायरिंग बघण्याची खूण असू शकते.

तारांचं म्हणाल तर पेणकडची खारी हवा निकेलच्या तारा लवकर काळ्या करते. वाजवून झाल्यावर सुक्या कापडाने पुसल्या तर बऱ्याच टिकतात. गुळगुळीत गुंडाळीच्या फ्लॅटवाउंड तारा महाग पडतात, पण त्यांच्यात घाम-मळ कमी शिरतो आणि त्या वर्षानुवर्षं चालतात. अमेरिकेतल्या मोटाऊन कंपनीच्या गाण्यांवर वाजवणारे जेम्स जेमरसन याच तारा वापरत आणि तुटेपर्यंत बदलत नसत, असं सांगतात. भजनी ठेक्याच्या किंवा जुन्या कोळीगीतांच्या साथीला फ्लॅटवाउंडचा बुटका, मऊ आवाज मला फार जवळचा वाटतो. झिंग आणणाऱ्या नव्या गाण्यांना मात्र खरखरीत राउंडवाउंडच हव्यात.

पाच तारांची घ्यावी का, हे तरुण मुलं हटकून विचारतात. पाचवी तार सुमारे ३१ कंपनांवर बोलते. मंडपातल्या स्पीकरवर ती ऐकू येण्याची आशा कमी, नेक मात्र रुंद होते आणि हाताला वेळ लागतो. गायकाने पट्टी खाली घेतली तर जाड तार ईवरून डीवर उतरवली की बहुतेक कामं भागतात. ज्याला रोह्याहून पनवेल-मुंबईच्या स्टुडिओकडे जायचंय त्याने पाच तारांची जरूर घ्यावी. बाकीच्यांनी तेवढे पैसे चांगल्या सेटअपवर आणि जाड पॅडिंगच्या बॅगेवर घालावेत. दिवा-रोहा मेमूच्या गर्दीत चार किलोंची बास नेताना पहिला मार तिच्या खुंट्यांनाच बसतो.