घंटा गप्प केली, दुखणे राहिले

आमच्या कोकणातली पुष्कळ मुसलमान घरे जहाजाच्या पगारावर उभी राहिली. माझे मामू इंजिनखोलीत ऑइलमन होते. जहाज चालते ते इंजिनावर, पण वाचते ते प्युरिफायरवर, असे ते म्हणत.

मोठ्या जहाजाचे जड इंधन म्हणजे तेलशुद्धी कारखान्यात शेवटी उरलेला दाट भाग. त्यात पाणी, गाळ आणि ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे दगडासारखे कठीण कण असतात. मानकाप्रमाणे इंधनात हे कण किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. इंजिनापाशी मात्र १५ च्या आत हवेत, नाहीतर सिलिंडर झिजतो. हे काम प्युरिफायरचे. स्वीडनच्या गुस्ताफ दे लावाल यांनी १८७८ मध्ये दुधातून साय काढणारे यंत्र दाखवले, तेच तत्त्व इथे आहे. भांडे मिनिटाला हजारो फेरे घेते. जड पाणी आणि गाळ कडेला जातो, हलके तेल आत राहते. कडेचा पाण्याचा थर तेलाला अडवून धरतो.

बिघाड ओळखायचा तर तेल कुठे जाते ते पाहावे. पाण्याच्या वाटेने जात असेल, तर तो थर फुटला. तेल पुरेसे तापलेले नाही, प्रवाह जास्त आहे किंवा ग्रॅव्हिटी डिस्कचे भोक मोठे आहे. गाळाच्या टाकीत जात असेल, तर भांडे नीट मिटत नाही. सीलरिंग झिजली असेल किंवा भांडे मिटवणाऱ्या पाण्याची भोके तुंबली असतील. यंत्र थरथरू लागले, तर गाळ एका बाजूला साचला आहे किंवा बेअरिंग गेले आहे.

एका पावसाळ्यात मामूंच्या जहाजावर तापमान उतरल्याची घंटा सारखी वाजे. जड तेलाला ९८ अंश लागतात. हीटरवर मळ बसल्याने तेवढी ऊब मिळेना. पाळीवरचा माणूस बटण दाबून घंटा गप्प करी. तिसऱ्या रात्री पुढची गाळणी तुंबली, इंजिन थांबले आणि जहाज लाटांना आडवे झाले. इंजिन पुन्हा सुरू होईपर्यंत चार तास सगळे अल्लाचे नाव घेत होते.

उपाय साधे आहेत. टाकीच्या तळाचे पाणी रोज काढावे, प्रवाह शक्य तितका कमी ठेवावा, हीटर आणि भांडे वेळेवर साफ करावे. १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ०.५ टक्क्यावर आली, तेव्हापासून तऱ्हेतऱ्हेची मिश्र तेले येतात. म्हणून प्रत्येक नव्या तेलाची घनता पाहून डिस्क निवडावी, आणि दोन तेले होता होईतो मिसळू नयेत.

मामू म्हणत, "घंटा वाजली की आधी हीटरला हात लाव, मग बटणाला."