गरीब आईबापांना मुलांचं कॉलेज नको असतं?

दहावी-बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या मुलांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: 'घरातच शिक्षणाचं वातावरण नाही, तिथे शाळा काय करणार?' शिक्षक म्हणतात, संस्थाचालक म्हणतात, शिकलेसवरलेले नातेवाईकही म्हणतात. ऐकून ऐकून कान किटले. हे वाक्य खोटं आहे, आणि त्याचा खोटेपणा तपासून झालेला आहे.

कॅलिफोर्नियात १९९६ साली मतदारांनी 'प्रस्ताव २०९' मंजूर केला आणि सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंश विचारात घेणं बंद झालं. मग वंचित वस्त्यांतली मुलं विद्यापीठात पोचणार कशी? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो संकुलात सेसिल लायटल आणि समाजशास्त्रज्ञ ह्यू मेहान यांच्यासारख्या प्राध्यापकांनी आग्रह धरला की विद्यापीठानेच शाळा काढावी. १९९७ मध्ये प्राध्यापकांच्या सभेने ही शाळेची कल्पना फेटाळली. त्यावर गदारोळ उठला, निर्णय फिरला आणि १९९९ मध्ये प्रॉइस शाळा सुरू झाली. सहावी ते बारावी. प्रवेशाच्या अटी दोन: घरचं उत्पन्न कमी हवं आणि आईवडिलांपैकी कुणी चार वर्षांची पदवी घेतलेली नसावी. म्हणजे 'घरात वातावरण नाही' असं ज्यांच्याबद्दल बोललं जातं, नेमकी तीच मुलं.

यावर लगेच शंका येते, आणि ती रास्त आहे: अशा शाळेत अर्ज करणारे पालक मुळातच जागरूक असणार. पण जागांपेक्षा अर्ज जास्त येत असल्याने प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिले जातात. त्यामुळे चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली अशी, सारख्याच तळमळीच्या घरांतली दोन प्रकारची मुलं मिळतात. विद्यापीठाच्याच 'क्रिएट' या संशोधन केंद्राने त्यांची तुलना केली. (केंद्र त्याच विद्यापीठाचं, हे लक्षात ठेवूनच निष्कर्ष वाचावा.) प्रमाणित चाचण्यांच्या गुणांत दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही. पण कॉलेज प्रवेशासाठी लागणारे विषय पूर्ण करण्यात आणि चार वर्षांच्या पदवीला जाण्यात प्रॉइसची मुलं पुढे होती. तळमळ दोन्हीकडे होती, गुणही जवळपास सारखे. वेगळी होती ती शाळा.

शाळेने केलं काय? हुशार आणि 'ढ' अशा तुकड्या पाडल्याच नाहीत. विद्यापीठ प्रवेशाला लागणारा अभ्यासक्रम सगळ्यांना सक्तीचा. सोपा मार्ग ठेवला नाही, म्हणून वेळ वाढवला: दिवस मोठा, वर्षही मोठं. एकच मार्गदर्शक शिक्षक वर्षानुवर्षं त्याच मुलांसोबत. विद्यापीठाचे विद्यार्थी वर्गात बसून शिकवायला मदत करतात, त्यामुळे कॉलेजात जाणारं माणूस मुलांना रोज दिसतं.

उरलेली अडचण कागदांची. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला बेटिंगर, लाँग आणि सहकाऱ्यांचा प्रयोग 'वातावरण' म्हणणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. कर सल्लागाराकडे आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींना सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज तिथल्या तिथे भरून दिला. त्या घरांतल्या बारावीच्या मुलांत, पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. ज्यांना मदत किती मिळेल याची फक्त माहिती दिली, त्यांच्यात फरक पडला नाही. आईबापांची आस एका बैठकीत बदलत नाही. फरक पडला तो भरलेल्या अर्जाने. आपल्याकडे महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं जमवताना रोजंदारी बुडवणाऱ्या बापाला 'आस्था नाही' म्हणणं हा अन्याय आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'विद्यापीठाची एक सहल काढली की झालं.' नाही. गणित आठवीत कच्चं राहिलं तर सहलीतली इमारत फोटोतच राहते.

'हे फक्त नव्या, खास शाळेतच जमतं.' त्याच शहरातली गॉम्पर्स ही वस्तीतली जुनी, खडतर दिवस पाहिलेली शाळा. पालक, शिक्षक आणि विद्यापीठ यांनी मिळून २००५ मध्ये तिची नव्याने बांधणी केली. तिथे काम अधिक अवघड गेलं, पण झालं.

'विद्यापीठाने शिकवायचं, शाळेने शिकायचं.' अशी भागीदारी पाहुण्यांच्या भाषणांपलीकडे जात नाही. सहावीतल्या मुलाला कुठे अडतं हे प्राध्यापकाला शाळेतल्या बाईंकडूनच कळतं.

'प्रवेश मिळाला, आता काळजी नाही.' अमेरिकेत कॉलेजात जायचं पक्कं केलेली १० ते ४० टक्के मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत गळतात, असं कॅसलमन आणि पेज यांचं संशोधन सांगतं. शुल्काचा हप्ता, वसतिगृहाचा फॉर्म, एखादी चुकलेली तारीख. शाळेने निरोप दिलेला असतो आणि कॉलेज सुरू झालेलं नसतं, त्या महिन्यांत ती मुलं कुणाचीच नसतात. त्या महिन्यांत फोन कुणी करायचा, हे शाळेने आणि विद्यापीठाने आधीच ठरवून ठेवायला हवं.