‘माम्मा मिया!’ : एका इटालियन उद्गाराची ओळख

पायाला ठेच लागली की मराठी माणसाच्या तोंडून ‘आई ग!’ हे शब्द आपोआप बाहेर पडतात. त्या वेळी आई जवळ असतेच असे नाही; कित्येकदा ती या जगातही नसते. वाचकहो, दूरच्या इटलीतही हाच प्रकार आढळतो. तेथील माणूस ‘माम्मा मिया!’ असे उद्गारतो. ‘माम्मा’ म्हणजे आई, ‘मिया’ म्हणजे माझी.

या दोन शब्दांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. इटालियन भाषेत ‘माझी’ हे विशेषण सामान्यतः नामाच्या आधी येते. ‘माझे घर’ म्हणावयाचे तर ‘ला मिया कासा’ असे म्हणतात. परंतु भावना उचंबळून आली की क्रम उलटतो. ‘माझी आई’ म्हटले की ओळख करून दिली, ‘आई माझी!’ म्हटले की तिला हाक घातली. हा भेद मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावयास नको.

उच्चाराचीही एक खुबी आहे. ‘माम्मा’मधील जोडाक्षरावर ओठ मिटून क्षणभर थांबले पाहिजे. ते न केल्यास ‘मामा’ असे ऐकू येईल. मराठी कानाला तो आईचा भाऊ वाटेल, तर इटालियन कानाला ‘तो माझ्यावर प्रेम करतो’ असा अर्थ लागेल! फुलाच्या पाकळ्या एकेक करून खुडताना तेथे हेच शब्द म्हणण्याची रीत आहे.

आपल्याकडे वेदनेला ‘आई ग’, भीतीला ‘बाप रे’ आणि आश्चर्याला ‘अगबाई’ अशी वाटणी झालेली आहे. त्यातही ‘अगबाई’ हा स्त्रियांच्या तोंडचा उद्गार. इटलीत मात्र एकच उद्गार ही सर्व कामे करतो आणि तो स्त्री-पुरुष दोघेही वापरतात. उकाडा असह्य झाला, पदार्थ रुचकर लागला, बाजारात अवाच्या सवा किंमत ऐकली, मूल जिन्यावरून पडता पडता वाचले, प्रत्येक वेळी ‘माम्मा मिया!’ अर्थ ठरतो तो आवाजाच्या चढउतारावरून. प्रत्यक्ष आईला बोलावताना मात्र नुसते ‘माम्मा!’ म्हणतात.

देवाचे किंवा मेरीमातेचे नाव घेऊनही तेथे उद्गार काढतात. परंतु पवित्र नावाचा असा वापर श्रद्धाळू मंडळींना रुचत नाही. आईचे नाव घेण्यास मात्र कोणाचीच हरकत नसते. म्हणून हा उद्गार आजी-आजोबांसमोरही निःशंकपणे वापरता येतो.

या शब्दांमागे विरहाचीही एक आठवण आहे. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लक्ष इटालियन माणसे पोटासाठी देश सोडून गेली. त्या काळच्या एका लोकगीताचा आरंभ याच दोन शब्दांनी होतो. अमेरिकेला जाण्यासाठी लेकरू आईपाशी शंभर लिरा मागते. आई पैसे देण्यास तयार होते, पण जाण्यास नाही. अखेरीस भर समुद्रात जहाज बुडते. येथे ‘माम्मा मिया’ ही खरोखरीची हाक आहे.

पुढे हे शब्द जगभर पोहोचले. १९७५ साली स्वीडनच्या ‘आबा’ या गायकवृंदाने त्यांना गीताचे शीर्षक केले. त्याच वर्षी ‘क्वीन’ वृंदाच्या एका गाजलेल्या गीतातही ते घुमले; त्याचा रचनाकार फ्रेडी मर्क्युरी याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीला झाले होते.

परंतु प्रसिद्धीबरोबर थट्टाही आली. चित्रपटांतून व खेळांतून विनोदी इटालियन पात्राच्या तोंडी हे शब्द हमखास घातले जातात. म्हणून एखादा इटालियन पाहुणा भेटल्यास त्याला हसविण्यासाठी हा उद्गार काढू नये. ‘आई ग’ म्हणून कोणी आपल्या बोलण्याची नक्कल केली, तर आपल्याला तरी ते आवडेल काय? मात्र त्याच्या हातचा पदार्थ खरोखरच अप्रतिम लागला आणि शब्द आपसूक ओठांवर आले, तर अवश्य उच्चारावेत.