घरची बीअर आणि कायद्याचा उंबरठा

नाताळच्या मेजवानीत पाहुण्यांपुढे स्वतःच्या हातची बीअर ठेवण्याची हौस असलेला अमेरिकन गृहस्थ नोव्हेंबरमध्येच कामाला लागतो. नवशिक्यालाही साधावी अशी बीअर म्हणजे तांबूस रंगाची ‘अंबर एल’. मोड आणून वाळवलेल्या सातूचा, म्हणजे माल्टचा, अर्क. रंगासाठी आणि किंचित गोडव्यासाठी अधिक भाजलेल्या माल्टची भरड. कडवटपणासाठी हॉप या वेलीची फुले. पाणी आणि यीस्ट एवढेच तिचे साहित्य. हा काढा तासभर उकळायचा, त्वरेने निववायचा आणि यीस्ट घालून १८ ते २० अंश सेल्सियसला सुमारे दोन आठवडे झाकून ठेवायचा. मग मोजकी साखर घालून तो बाटल्यांत भरायचा आणि आणखी दोन आठवडे थांबायचे. स्वच्छतेत हयगय झाली तर बीअर आंबट होते. आंबणे पुरे होण्याआधीच ती भरली तर बाटल्या फुटतात.

‘घरची दारू’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हातभट्टी उभी राहते. येथे मात्र भट्टी नाही आणि ऊर्ध्वपातनही नाही. पावाचे पीठ फुगवणारे यीस्टच येथे माल्टमधील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते.

तरीही हा निरुपद्रवी उद्योग अमेरिकेत दीर्घकाळ गुन्हा होता. १९२० साली देशभर दारूबंदी आली आणि १९३३ साली ती उठली. त्यानंतर कुटुंबापुरती द्राक्षमदिरा घरी करण्यास मोकळीक मिळाली. बीअर मात्र त्या सवलतीतून वगळली गेली. परिणामी, घरची मदिरा कायदेशीर आणि घरची बीअर बेकायदेशीर, अशी विसंगती पंचेचाळीस वर्षे टिकून राहिली. तिने कोणाचे व्यसन सुटले नाही. हौशी माणसे मात्र चोरट्यासारखी वागू लागली.

ब्रिटनने १९६३ साली घरगुती बीअरसाठी लागणाऱ्या परवान्याची अट काढून टाकली होती. अमेरिकेत त्यासाठी १४ ऑक्टोबर १९७८ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेला कायदा १ फेब्रुवारी १९७९ पासून अमलात आला. एकट्या प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन, तर दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरात २०० गॅलन बीअर करमुक्त करता येईल. मात्र ती विकता येणार नाही, अशी त्याची मर्यादा होती. ऊर्ध्वपातनास त्याने मुळीच मुभा दिली नाही. राज्यांचा अधिकारही अबाधित ठेवला; म्हणूनच अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत ही मोकळीक येण्यास २०१३ साल उजाडले.

सत्तरीच्या दशकाअखेर अमेरिकेत शंभराहूनही कमी बीअर कारखाने उरले होते. २०२३ मध्ये ही संख्या नऊ हजारांवर होती. याचे सारे श्रेय एका कायद्याला देणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि घरच्या स्वयंपाकघरात हात बसलेल्या केन ग्रॉसमन यांच्यासारख्यांनीच पुढे छोटे कारखाने उभारले, हेही विसरता येत नाही. २०११ साली तर खुद्द व्हाइट हाउसमध्ये मधमिश्रित बीअर तयार झाली आणि तिच्या कृतीत अंबर माल्टही होता.

मद्यपानाचे दुष्परिणाम नाकारण्याचे कारण नाही. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्याकडेही थोडी नाहीत. प्रश्न आहे तो कायद्याने कोणाला शत्रू मानावे, हा. मुंबई राज्यात १९५० साली संपूर्ण दारूबंदी आली आणि तिच्या छायेत हातभट्टीचा धंदा फोफावला. पुढे साठीच्या दशकात ती बंदी सैल करावी लागली. सणासाठी चार बाटल्या भरणारा गृहस्थ आणि विषारी दारू विकून पैसा करणारा गुत्तेवाला यांना एकाच मापाने मोजणारा कायदा पहिल्याला विनाकारण गुन्हेगार ठरवतो आणि दुसऱ्याविरुद्ध लागणारी लोकांची साथ गमावून बसतो. अमेरिकेच्या कायद्याचे शहाणपण त्याने किती मोकळीक दिली यात नाही; ती कोठे थांबते हे त्याने स्पष्ट शब्दांत आणि मोजमापासह सांगितले, यात आहे. पाळता येईल अशी मर्यादा घालून दिली, तर बहुसंख्य माणसे ती पाळतात.