खेळातील नीती आणि चौथा गडी

फसवेगिरीला आपल्या भाषेत शब्द थोडे नाहीत. पण खेळातल्या फसवेगिरीसाठी मुलांनी स्वतःचा एक वेगळाच शब्द राखून ठेवला आहे. तो म्हणजे ‘रडी’. एखादा गडी बाद झाला आणि तरी ‘मी बाद नाहीच’ म्हणून अडून बसला, की बाकीची पोरे एका सुरात ओरडतात, ‘रडीचा डाव!’ तिथे पंच नसतो, शिट्टी नसते, नियमांचे पुस्तकही नसते. तरी सात-आठ वर्षांच्या पोरालासुद्धा पक्के ठाऊक असते, की याने नुसता एक गुण चोरला नाही, सगळ्यांचा खेळच नासवला. मोठ्यांच्या खेळातील नीतीचा विचार करताना पोरांची ही समजूत हाताशी असू द्यावी.

आता असे पाहा. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने मध्यपाटी ओलांडायची नाही आणि एकदा धरलेली दिशा सोडून मागे वळायचे नाही. धावणारा मात्र हवा तसा इकडून तिकडे जातो. केवळ गडी पकडणे हाच हेतू असता, तर ही बंधने वेडेपणाचीच म्हणायची. पण ती काढून टाका. खो-खो उरत नाही, नुसती पळापळ उरते. म्हणजे खेळातली अडचण आपण राजीखुशीने पत्करलेली असते, आणि समोरच्यानेही तीच पत्करली आहे या भरवशावर आपण मैदानात उतरतो. फसवणारा गडी त्याच भरवशाचा फायदा घेतो. सगळेच त्याच्यासारखे वागू लागले, तर त्याला जिंकायलाही काही उरणार नाही.

मात्र सगळ्या चुका एका मापाने मोजू नयेत. चढाईच्या भरात पाय रेषेबाहेर पडला, पंचाने बाद दिले, गडी मुकाट्याने बाहेर गेला. यात नीतीचा प्रश्न येत नाही. चूक झाली, तिची किंमत दिली, हिशेब मिटला.

दुसरा प्रकार नाजूक आहे. नियमात बसते, पण शोभत नाही, असा. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा क्रिकेटचा सामना होता. शेवटचा चेंडू राहिला होता आणि बरोबरी साधायला न्यूझीलंडला सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कप्तान ग्रेग चॅपेल याने आपला धाकटा भाऊ ट्रेव्हर याला चेंडू हात खाली ठेवून जमिनीवरून घरंगळत टाकायला सांगितले. सरपटत्या चेंडूवर षटकार कसा मारणार? ऑस्ट्रेलियाने सामना जिंकला. त्या सामन्याच्या नियमांत असा चेंडू टाकायला बंदी नव्हती. तरी दोन्ही देशांतून टीकेची झोड उठली, आणि पुढे एकदिवसीय सामन्यांत असा चेंडू नियमबाह्य ठरवावा लागला.

याच्या एक वर्ष आधी, फेब्रुवारी १९८० मध्ये, आपल्या मुंबईत वानखेडे मैदानावर याच्या उलट घडले. भारत आणि इंग्लंड यांच्यातील सुवर्णमहोत्सवी कसोटी होती. इंग्लंडचे पाच गडी अवघ्या ५८ धावांत परतले होते. अशा वेळी बॉब टेलर यष्टीमागे झेलबाद म्हणून पंचांनी बोट वर केले. कप्तान गुंडाप्पा विश्वनाथ जवळच उभे होते. चेंडू बॅटीला लागला नाही अशी त्यांची खात्री होती. त्यांनी पंचांना विनंती करून टेलरला परत बोलावले. टेलरने ४३ धावा केल्या, बोथमबरोबर १७१ धावांची भागी केली, आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला.

तुम्ही म्हणाल, मग हाती काय लागले? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला गोड उत्तर देऊन चालणार नाही. सचोटीने वागले की जय मिळतोच, असे मुलांना शिकवू नये. ते खरे नाही. विश्वनाथांनी किंमत मोजली. पण त्या डावातली इंग्लंडची प्रत्येक धाव खरी होती आणि आपला पराभवही खरा होता. खेळाने एवढीच हमी द्यायची असते.

तिसरा प्रकार लपूनछपून करायच्या लबाडीचा. १९८८ साली सोलच्या ऑलिम्पिकमध्ये कॅनडाचा बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ सेकंदांत धावला. जग थक्क झाले. तीनच दिवसांत त्याच्या लघवीच्या तपासणीत स्टॅनोझोलोल हे स्नायू वाढवणारे निषिद्ध औषध सापडल्याचे जाहीर झाले आणि सुवर्णपदक काढून घेतले गेले. पुढे कॅनडात चौकशी बसली, तेव्हा त्याच्या प्रशिक्षकाचे म्हणणे असे पडले, की इतर घेतात, मग न घेऊन मागे पडायचे का? आपल्याकडेही हीच सबब चालते. ‘सगळेच करतात, सर!’

खरोखर सगळेच करतात का? त्या शर्यतीत चौथा आलेला अमेरिकेचा केल्व्हिन स्मिथ पाहा. औषधाच्या प्रकरणात त्याचे नाव कधीच आले नाही. जॉन्सन बाद झाल्यावर त्याला कांस्यपदक मिळाले खरे. पण त्या दिवशी सगळ्या जगाने मंचावर जे तीन धावपटू पाहिले, त्यांत तो नव्हता. लबाडी झाली की आपण लबाडाकडे पाहतो, फार तर दुसऱ्या क्रमांकाकडे पाहतो. जो यादीतच आला नाही, तो चौथा गडी कोणाला दिसत नाही.

हा चौथा गडी आपल्या तालुक्यातही असतो. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. तेरा वर्षांच्या पोरांत पंधरा वर्षांचा घुसवला तर तो उंचीने, वजनाने, दमाने सहज पुढे जातो. जुन्या काळी गुरुजी शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली म्हणजे १ जून टाकीत; कित्येक आजोबांचा वाढदिवस म्हणूनच १ जूनला येतो. त्यात सोय होती, लबाडी नव्हती. आज प्रमाणपत्रामागे दहावी-बारावीचे वाढीव गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. आता तारीख बदलणे म्हणजे कोणाचा तरी घास काढून घेणे होय.

२००१ साली अमेरिकेत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत न्यूयॉर्कच्या एका संघाचा चेंडूफेक्या अजिंक्य ठरला. मागाहून कळले, की तो चौदा वर्षांचा होता. संघाचे सारे विजय रद्द झाले. त्याच्या वडिलांना आणि संघाच्या प्रमुखांना त्या संघटनेने कायमची बंदी केली. मुलाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण कागद मोठ्यांनी केले होते. जन्मभराची ओळख मात्र त्याच्या वाट्याला आली.

यावर विज्ञानाचा उपाय आहे, पण अपुरा. मनगटाजवळ हाडांच्या टोकाला वाढीची कूर्चा असते. वय वाढेल तशी ती हाडात मिळून जाते. एक्सरेवरून त्याचा अंदाज येतो. परंतु सगळ्यांचे शरीर एका गतीने वाढत नाही. म्हणून त्यातून हाडांचे वय कळते, जन्मतारीख नव्हे. शेवटी भिस्त राहते ती शाळेच्या जनरल रजिस्टरवर आणि ते भरणाऱ्या हातावर.

‘गरिबाचे पोर आहे, लागले नोकरीला तर बिघडले कुठे?’ असे गावात कोणी तरी म्हणतेच. त्याला एवढेच विचारावे, की ज्याची जागा गेली ते पोर श्रीमंताचे होते काय? तेही शेजारच्या गावचे, अनवाणीच सराव करणारे असते. त्याला तर कळतसुद्धा नाही की आपण कोणाकडून हरलो.

शिक्षकांना दोन गोष्टी करता येतील. सरावाचे काही सामने पंचाविना खेळवा. कबड्डीत बोट लागले की नाही, हे पुष्कळदा दोघांनाच ठाऊक असते. ज्याला लागले त्याने आपणहून हात वर करून बाहेर जावे, आणि गेला तर त्याचे चार शब्दांनी कौतुक करावे. दुसरे असे, की स्पर्धेची प्रवेशिका पाठवण्यापूर्वी नावे आणि जन्मतारखा वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. पोरांना एकमेकांची वये बरोबर ठाऊक असतात. तारीख चुकली असेल तर कुठून तरी आवाज येईलच, ‘रडीचा डाव!’ तो आवाज आला तर त्या पोराला गप्प बसवू नका. प्रवेशिका दुरुस्त करा, आणि मगच सही करा.