महाराष्ट्रातील इंडी संगीत

चित्रपटसृष्टी आणि मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्या आश्रयाबाहेर राहून स्वतःची गाणी स्वतः रचणाऱ्या, सादर करणाऱ्या व बहुधा स्वखर्चाने ध्वनिमुद्रित करणाऱ्या राज्यातील बँडच्या संगीतास महाराष्ट्रातील इंडी संगीत असे म्हटले जाते. मुंबई व पुणे ही या संगीताची प्रमुख केंद्रे आहेत. बहुतेक बँड इंग्रजीत, काही हिंदीत आणि अलीकडे काही मराठीत गातात. इंडी पॉप, नॉइज आणि शूगेझ हे या संगीताशी निगडित असलेले तीन प्रकार पाश्चात्त्य देशांत उदयास आले. महाराष्ट्रातील बँडनी त्यांचा कमीअधिक प्रमाणात स्वीकार केला आहे. दूरच्या श्रोत्याला हे संगीत मुख्यतः ध्वनिमुद्रणातूनच भेटते. प्रत्यक्ष मैफलीतील त्याचे रूप मात्र पुष्कळदा अगदी निराळे असते.

संज्ञा

‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’ म्हणजे ‘स्वतंत्र’ या इंग्रजी शब्दाचे लघुरूप होय. प्रारंभी या शब्दाने संगीताची शैली सूचित होत नव्हती. तबकडी कोणी काढली, एवढेच त्यातून कळत असे. ब्रिटनमध्ये १९७८ च्या सुमारास रफ ट्रेड, फॅक्टरी यांसारख्या लहान कंपन्या पुढे आल्या आणि मोठ्या कंपन्यांनी नाकारलेल्या बँडना ध्वनिमुद्रणाची वाट मिळाली. कालांतराने अशा बँडच्या संगीतातील समान गुणांवरून ‘इंडी’ हे शैलीचेही नाव झाले. भारतात मात्र त्याचा मूळ अर्थ अद्याप बलवत्तर आहे. येथे लोकप्रिय संगीत म्हणजे चित्रपटसंगीत असे समीकरण दीर्घकाळ रूढ असल्याने ‘चित्रपटाबाहेरचे’ या अर्थानेही हा शब्द वापरला जातो.

प्रकार

इंडी पॉप : साधी, गुणगुणता येईल अशी चाल, हलक्या झणकाराचे गिटारवादन आणि दैनंदिन भावनांची गीते ही याची लक्षणे होत. न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या ब्रिटिश साप्ताहिकाने १९८६ मध्ये काढलेली ‘सी८६’ ही कॅसेट आणि ब्रिस्टल येथील सारा रेकॉर्ड्स (१९८७–१९९५) ही कंपनी यांचा या प्रकाराच्या जडणघडणीत मोठा वाटा आहे. वादनातील सफाईपेक्षा मनाचा प्रांजळपणा येथे मोलाचा मानला जातो.

नॉइज : सामान्यतः ज्याला गोंगाट म्हणून दूर सारले जाते, तेच या प्रकारात संगीताचे द्रव्य होते. इटालियन चित्रकार लुइजी रुसोलो याने १९१३ मध्ये ‘गोंगाटाची कला’ या जाहीरनाम्यात यंत्रयुगातील आवाजांना संगीतात स्थान देण्याची मागणी केली. जपानमधील मासामी अकिता हे १९७९ पासून ‘मर्झबाऊ’ या नावाने केवळ गोंगाटावर आधारित रचना करीत आले आहेत. भारतात अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारण्यात आला. तेथे १९७२ पर्यंत झालेले प्रयोग दीर्घकाळ विस्मरणात गेले होते. त्यांतील निवडक ध्वनिमुद्रणे २०२३ मध्ये प्रकाशित झाली.

शूगेझ : इंडी पॉपची मधुर चाल आणि नॉइजचा गोंगाट यांचा संयोग म्हणजे शूगेझ, असे स्थूलमानाने म्हणता येईल. ‘शू’ म्हणजे जोडा आणि ‘गेझ’ म्हणजे टक लावून पाहणे. या बँडमधील गिटारवादक पायाजवळ मांडलेली पेडले दाबण्यात गुंतलेले असत आणि श्रोत्यांकडे क्वचितच पाहत. त्यावरून १९९० च्या सुमारास ब्रिटिश संगीत-साप्ताहिकांनी हे नाव थट्टेने दिले. पुढे थट्टेचा भाग गळून पडला आणि नाव तेवढे उरले.

शूगेझची ध्वनिरचना

विद्युत गिटारचा आवाज थेट अँप्लिफायरमध्ये न जाता वाटेत अनेक पेडलांतून जातो. एक पेडल आवाज मुद्दाम फाटका व खरखरीत करते, दुसरे त्याची पुनरावृत्ती घडवते, तर तिसरे एखाद्या घुमटाकार वास्तूत वादन चालू असल्याचा भास निर्माण करते. असे अनेक थर एकमेकांवर चढले की सुटा स्वर ओळखू येत नाही आणि ध्वनीची एक अखंड भिंत उभी राहते. माईक ध्वनिक्षेपकासमोर आला की जी कर्कश शिट्टी ऐकू येते, तिला फीडबॅक म्हणतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात जो दोष मानला जातो, तोच येथे दीर्घ स्वरासारखा हेतुपूर्वक वापरला जातो.

गायकाचा आवाज या भिंतीच्या पुढे नसतो, तर तिच्या आत मिसळलेला असतो. त्यामुळे शब्द पुसट होतात. भावगीत किंवा नाट्यगीत ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला हा प्रथम दोष वाटतो. परंतु या प्रकारात कंठ हेही एक वाद्य मानले जाते आणि शब्दार्थापेक्षा आवाजाचा पोत महत्त्वाचा ठरतो.

स्कॉटलंडमधील द जीझस अँड मेरी चेन या बँडचा ‘सायकोकँडी’ (१९८५) हा संग्रह शूगेझचा पूर्वसूरी समजला जातो. राइडचा ‘नोव्हेअर’ (१९९०), माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’ (१९९१) आणि स्लोडाइव्हचा ‘सुव्लाकी’ (१९९३) हे प्रमुख संग्रह होत. त्यानंतर अमेरिकन ग्रंज आणि ब्रिटपॉप यांच्या लाटेत हा प्रकार मागे पडला. ‘सुव्लाकी’वर त्या काळी कठोर टीका झाली आणि १९९५ मध्ये स्लोडाइव्हशी असलेला करार कंपनीने संपुष्टात आणला. इंटरनेटवरून नव्या पिढीने या संग्रहांचा शोध घेतल्यावर मात्र चित्र पालटले. माय ब्लडी व्हॅलेंटाइन २००८ मध्ये, तर स्लोडाइव्ह २०१४ मध्ये पुन्हा मंचावर आले.

महाराष्ट्रातील वाटचाल

मुंबईत १९६० च्या दशकापासून महाविद्यालयीन तरुणांचे ‘बीट ग्रुप’ होते. एका सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतील बँडच्या तबकड्या १९७० व १९७१ मध्ये निघाल्या. त्या काळातील भारतीय रॉक संगीताचा तो एक दुर्मीळ पुरावा आहे. मात्र त्यानंतरही बहुसंख्य बँड परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल करीत. श्रोते आणि आयोजक यांची मागणीही तीच असे.

स्वतःच्या गाण्यांचा आग्रह धरणाऱ्या बँडमध्ये १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेला रॉक मशीन हा अग्रगण्य होय. ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ (१९८८) हा त्याचा पहिला संग्रह. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. १९९७ मध्ये तो विसर्जित झाला. २०१० मध्ये पुन्हा एकत्र येऊन त्याने २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह काढला. दरम्यान १९८६ मध्ये मुंबईत ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला आणि नव्या बँडना मोठ्या श्रोतृसमुदायापुढे येण्याची संधी मिळाली.

१९९० च्या दशकात पुढे आलेल्या पेंटाग्राम या मुंबईच्या बँडने रॉकला इलेक्ट्रॉनिक संगीताची जोड दिली. त्याचे गायक विशाल ददलानी पुढे चित्रपटसंगीतकार म्हणून प्रसिद्ध झाले. झीरो या बँडचा ‘हुक’ (२००५) हा संग्रहही तरुणांत लोकप्रिय झाला. त्याचे गिटारवादक वॉरन मेंडोन्सा यांनी नंतर ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने शब्दविरहित गिटारसंगीताचे संग्रह काढले. पुण्यातील अग्नी या बँडने हिंदी गीतांच्या द्वारे देशभर श्रोते मिळवले. पुढील पिढीत मुंबईचे स्काय रॅबिट, द लाइटइयर्स एक्स्प्लोड व स्पड इन द बॉक्स आणि पुण्याचा ईझी वाँडरलिंग्ज हे बँड उल्लेखनीय आहेत. ईझी वाँडरलिंग्जच्या ‘ॲज रिटन इन द स्टार्स’ (२०१७) या संग्रहात इंडी पॉपचा हळुवार, मधुर बाज आढळतो. शूगेझला वाहिलेले बँड भारतात थोडे आहेत. मणिपूरमधील इंफाळ येथील लो पेनिन्सुला हे त्याचे परिचित उदाहरण होय.

मैफल आणि ध्वनिमुद्रण

या संगीतात मैफल व ध्वनिमुद्रण या एकाच गाण्याच्या दोन स्वतंत्र आवृत्त्या मानाव्या लागतात. ‘लव्हलेस’चे ध्वनिमुद्रण अनेक स्टुडिओंत सुमारे दोन वर्षे चालले होते, इतक्या काळात रचलेले थर मंचावर चार वादकांनी जसेच्या तसे उभे करणे शक्य नसते. उलटपक्षी, मैफलीत ध्वनीचा जो दाब छातीवर जाणवतो, तो ध्वनिमुद्रणात उतरत नाही. माय ब्लडी व्हॅलेंटाइन ‘यू मेड मी रिअलाइज’ या गाण्याच्या मध्यभागी एकच आघात कित्येक मिनिटे चालू ठेवत. मूळ तबकडीत हा भाग अल्पकाळ टिकतो. मैफलीत मात्र काही वेळाने श्रोत्याला त्या गोंगाटातच नसलेले स्वर ऐकू येऊ लागतात.

ऐकण्याच्या साधनांमुळेही फरक पडतो. मोबाइलच्या लहान ध्वनिक्षेपकातून खर्जातील आवाज जवळजवळ ऐकूच येत नाहीत. त्यामुळे ध्वनीच्या भिंतीचा पाया निघून जातो आणि वरची खरखर तेवढी उरते. अशा श्रोत्याने हे संगीत नापसंत केले, तर त्याने ते पुरते ऐकलेले नसते, असेही म्हणता येते.

ध्वनिमुद्रणाची साधने बदलल्याने बँडची स्थितीही बदलली. कॅसेटच्या काळात स्टुडिओचे भाडे, प्रती काढणे व वितरण यांसाठी कंपनीवर अवलंबून राहावे लागे. संगणकावर घरी ध्वनिमुद्रण होऊ लागल्यावर आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळांवर थेट विक्री शक्य झाल्यावर हा अडसर दूर झाला. मात्र ज्यांचे ध्वनिमुद्रणच झाले नाही किंवा ज्यांच्या कॅसेट जपल्या गेल्या नाहीत, अशा बँडचे संगीत श्रोत्यांच्या स्मरणापुरतेच उरले आहे.

मैफलीच्या जागा आणि ध्वनिनियम

मोठ्या आवाजात वाजवायला जागा मिळणे हा या संगीताचा कळीचा प्रश्न आहे. मुंबईतील धोबी तलाव येथील रंगभवन हे खुले नाट्यगृह अनेक वर्षे जॅझ व रॉक मैफलींचे माहेरघर होते. १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाच्या मैफलीही तेथे होत. मात्र परिसरात रुग्णालये व महाविद्यालय असल्याने तो भाग शांतता क्षेत्रात मोडू लागला आणि २१ व्या शतकाच्या आरंभी तेथील मैफली बंद पडल्या.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रुग्णालय, शैक्षणिक संस्था व न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र घोषित करता येतो. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी असून वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. हे नियम रुग्णाच्या निद्रेचे रक्षण करतात. त्याच वेळी संगीताला बंदिस्त, ध्वनिरोधक आणि म्हणून खर्चिक जागेकडे ढकलतात. लोअर परळ येथील जुन्या गिरणीच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेले ब्लू फ्रॉग हे असे एक केंद्र होते. मुंबईतील ते केंद्र २०१६ मध्ये बंद झाले. पुण्यात २०१० पासून सुरू झालेल्या एनएच सेव्हन वीकेंडर या महोत्सवाने एकाच आवारात अनेक मंच उभारण्याची पद्धत लोकप्रिय केली.

मराठी भाषा व लोकसंगीताशी नाते

इंग्रजी गीतांमुळे हे संगीत दीर्घकाळ शहरी, इंग्रजी शिकलेल्या वर्गापुरते सीमित राहिले. मुंबईतील अभंग रिपोस्ट हा बँड संतांचे अभंग विद्युत गिटार, बेस व तालवाद्ये यांच्या साथीने सादर करतो. त्यामुळे भजन-कीर्तनात वाढलेल्या श्रोत्यालाही या ध्वनीशी नाते जोडणे सुलभ झाले आहे.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या मुंबई-पुण्याहून दूरच्या प्रदेशातील विद्यार्थ्याला हे बँड प्रामुख्याने मोबाइलवरच भेटतात. तथापि दाट, घुमणाऱ्या नादाचा अनुभव या प्रदेशाला नवा नाही. तुळजापूरच्या तुळजाभवानीच्या उपासनेशी जोडलेल्या गोंधळात संबळ, तुणतुणे व झांज ही वाद्ये असतात. संबळाच्या जोडीतून निघणारे खणखणीत व घुमारदार आघात, तुणतुण्याच्या एकाच तारेचा अविरत झणकार आणि झांजेचा किणकिणाट यांचा रात्रभर एकच नाद होतो. एकच स्वर धरून ठेवणे, पुनरावृत्तीतून तंद्री निर्माण करणे आणि वाद्याच्या नैसर्गिक खरखरीला न टाळणे ही साम्ये लक्षणीय आहेत. मात्र या दोहोंत ऐतिहासिक संबंध नाही. गोंधळ हा कुलाचार आहे, त्यात कथा स्पष्ट ऐकू यावी लागते आणि यजमानासह सारे घर त्यात सहभागी असते. शूगेझमध्ये शब्द विरघळतात आणि श्रोता गर्दीतही एकटाच असतो. गोंधळाचेही संपूर्ण रूप कॅसेटमध्ये मावत नाही, हे साम्य मात्र उरतेच.

श्रवणाचे आरोग्य

मोठ्या आवाजाने अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी नष्ट होतात व त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. कानात सतत गुणगुण ऐकू येणे हा त्याचा एक परिणाम असून माय ब्लडी व्हॅलेंटाइनचे गिटारवादक केव्हिन शील्ड्स यांनाही हा विकार जडला. २००८ मधील त्यांच्या मैफलींत श्रोत्यांना कानात घालावयाचे बोळे वाटण्यात आले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास, तर ९० डेसिबलचा केवळ ४ तास ऐकणे सुरक्षित असते. मैफलीच्या जागी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा अधिक असू नये, असे संघटनेने २०२२ मध्ये सुचवले. मैफलीतील श्रोता तिकीट काढून, स्वेच्छेने व मर्यादित वेळ आवाजात उभा राहतो. वरात व मिरवणुकांतील डीजेच्या भिंतींजवळ राहणाऱ्या बालकांना, वृद्धांना आणि रुग्णांना तशी निवड नसते. गोंगाटाला कला म्हणून स्वीकारताना हा भेद निर्णायक ठरतो.