श्वासाची शिस्त

मुलांचें चित्त ‘स्वस्थ बसा’ म्हटल्यानें स्थिर होत नाहीं. त्यास हालचालींतूनच वळण लावावें लागतें. १९०९ सालीं औंधच्या गादीवर आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. त्यांच्या पद्धतींत दहा अवस्था असून, श्वास केव्हां घ्यावा व केव्हां सोडावा हेंही ठरलेलें असे. श्वासावर लक्ष ठेवून वांकणारें मूल तेवढा वेळ तरी मनानें भटकत नाहीं. रथसप्तमीस आंकडा गांठण्यासाठीं घाईनें नमस्कार घातले, तर अंग घामेजतें, चित्त होतें तेथेंच राहतें.

औंधास नमस्काराबरोबर मंत्रही म्हणत. वसईसारख्या ठिकाणीं हिंदु व ख्रिस्ती मुलें शेजारीं शेजारीं वाढतात. तेथें मंत्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडावा. श्वास सर्वांचा सारखाच आहे.